समोरची काच

३ जुलै

वारणानगरहून परतलो. विषय होता, विज्ञान शिकलेली माणसं मनगटाला गंडे का बांधतात. दीड तास बोललो. पुढच्या रांगेतल्या दोघांनी हळूच बाह्या खाली ओढल्या, तेवढ्यानंच जाणं सार्थकी लागलं.

येताना मात्र गाडीनं घात केला असता. कोडोलीच्या पुढं पाऊस लागला आणि वायपर फिरत असूनही डावीकडची काच पुसली जाईना. उजवीकडं लख्ख, डावीकडं नुसता धुरकटपणा. त्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई एकदम गाडीपुढं आली. जमिनीतून उगवल्यासारखी. ब्रेक दाबला. भारा बॉनेटवर पडला, ती बाजूला. लागलं नाही, नशीब. खाली उतरून मी तिला रस्त्यानं कसं चालावं ते सांगितलं. 'चुकलं सायब' म्हणाली. शेजारी बसलेल्या संयोगितानं उतरून भारा पुन्हा तिच्या डोक्यावर चढवून दिला आणि घरापर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. घाबरली असणार.

वायपर नीट करून घेतलाच पाहिजे. लोकांना ही चौदा वर्षांची जुनी गाडी दिसते, पण ती माझी जीभ आहे. एकतीस वर्षं मी आयोजकांचं वाहन घेतलं नाही, मानधन घेतलं नाही, त्यांच्याकडं मुक्काम केला नाही. ज्याच्या गाडीतून उतरला त्याच्याच तोंडावर खरं बोलणारा वक्ता मला अजून भेटायचा आहे. पूर्वी एसटीनं जायचो आणि परतीची गाडी चुकली की स्टँडवर झोपायचो. सहासष्टाव्या वर्षी ते जमत नाही.

दहा ऑगस्टला नेसरीच्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत बोलायचं आहे. तिथल्या कमिटीनं पुस्तकांची खोली लग्नाच्या जेवणावळींना द्यायला सुरुवात केली आहे. हे मी त्यांच्याच माईकवरून, नाव घेऊन सांगणार आहे. नाव न घेता टीका करणं हा भ्याडपणा, हे मी विद्यार्थ्यांना जन्मभर शिकवलं.

जेवताना संयोगितानं डोळ्यांच्या डॉक्टरांचा विषय परत काढला. धडधाकट माणसाला आजारी ठरवून पोट भरणाऱ्या त्या धंद्याविषयी मला काय वाटतं ते पुन्हा एकदा सविस्तर सांगितलं. ती गप्प झाली. पटलेलं दिसतं.

५ जुलै

सकाळी उद्यमनगरात चमन शिकलगारांच्या गॅरेजवर. एकोणीस वर्षं माझ्या गाड्या तेच बघतात. त्यांनी काचेवर बादलीभर पाणी ओतलं, वायपर चालू केला आणि म्हणाले, 'बघा की सर, डावं-उजवं सारखंच पुसतंय.' मला आतून स्पष्ट दिसत होतं की डावीकडं पुसलं जात नाही. मग ते स्वतः माझ्या जागेवर बसले, बराच वेळ काचेकडं बघत राहिले. तरी मी म्हणतो म्हणून दोन्ही रबरी पाती बदलली, डाव्या दांडीची स्प्रिंगही नवी घातली.

निघताना विचारतात, चष्म्याचा नंबर कधी तपासला होता. म्हटलं, चमनभाई, तुम्ही गाडी बघा. दोघंही हसलो. म्हणजे मी हसलो.

६ जुलै

संयोगितानं पाण्याचा तांब्या पुन्हा भलत्याच ठिकाणी ठेवला. हात लागून सांडला. महिन्यातली ही चौथी वेळ. घरातल्या वस्तूंना ठरलेली जागा हवी, हे हिला कधी कळणार?

११ जुलै

मुरगूडला सहाचं व्याख्यान. चारला गाडी बाहेर काढली, पाऊस जोरात, आणि वायपर जागचा हलेना. डावा नाही, उजवा नाही, दोन्ही मेलेले. अर्धा तास बटण खालीवर केलं. शेवटी आयोजकांना फोन करून येत नाही म्हणून कळवलं. 'सर, आम्ही गाडी पाठवतो' म्हणाले. नको म्हटलं.

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी शब्द दिला आणि गेलो नाही. संयोगितानं शिरा केला होता. कशाबद्दल, विचारलं नाही.

१२ जुलै

बिघाड हास्यास्पद निघाला. चमनभाईंनी स्टिअरिंगखालचं एक झाकण उघडलं आणि चिमट्यानं नखाएवढा रंगीत तुकडा बाहेर काढला. फ्यूज. आतली तार वितळली होती. तो काढला की वायपर बंद, नवा खोचला की चालू. दोन मिनिटांचं काम.

रात्रीच्या जेवणाला संयोगिताला हे सगळं रंगवून सांगितलं. एवढासा तुकडा अख्ख्या यंत्राला कसा गप्प बसवतो, यावर एक व्याख्यान होईल. तिनं लक्ष देऊन ऐकलं. तो नेमका कुठं असतो, आणि काढला तर फक्त वायपरच बंद पडतो की दिवे, हॉर्नही, असं विचारलं. चाळीस वर्षांच्या संसारात गाडीविषयी तिनं विचारलेले हे पहिलेच प्रश्न. समजावून सांगितलं की माणूस शिकतो.

१७ जुलै

काल कागलला निघालो तर वायपर पुन्हा बंद. गेलो नाही. दुसरा शब्द मोडला.

आज सकाळी पाऊस नसताना गाडी उद्यमनगरात नेली. चमनभाईंनी झाकण उघडलं आणि तसेच वाकून राहिले. मग विचारलं, 'सर, गाडीची किल्ली कुणाकुणाकडं असती?' मी म्हटलं, माझ्याकडं, आणि घरात खुंटीवर. का? त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग झाकणाकडं. 'काय न्हाय. ढिला झाला हुता, पडला असंल.' नवा खोचला.

ढिला? पाच दिवसांपूर्वी यांनीच बसवलेला. पैसे घेतले नाहीत. मन खात असल्याशिवाय कारागीर पैसे सोडत नाही.

१८ जुलै

दुपारी ग्रंथालयातून आलो तर मोरीत चहाचे दोन कप. कोण आलं होतं विचारलं, तर म्हणाली, चमनभाई, इकडून चालले होते म्हणून डोकावले. माझ्यासाठी थांबले का नाहीत? 'घाई होती.' चोरासारखा वागतोय हा माणूस.

१९ जुलै

सकाळी वायपर बंद. तिसऱ्यांदा. तडक उद्यमनगर. या वेळी चमन माझ्या डोळ्याला डोळा देईना. 'पडला सर परत.' एवढंच. मी आवाज चढवला. शेजारच्या लेथवरची माणसं बाहेर आली. तो मान खाली घालून नवा फ्यूज खोचत राहिला. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का? मी तरी बसलो नसतो.

नेसरीला बावीस दिवस उरलेत.

२० जुलै

जयसिंगपूर. वायपरवर आता भरवसा नाही, पण दुपारी चारला होतं आणि उघडीप होती, म्हणून जाऊ शकलो. विषय श्रमाची प्रतिष्ठा. सभागृह तुडुंब. बोलता बोलता मुद्दा आला की श्रमाला प्रतिष्ठा हवी तर श्रमात सचोटीही हवी. आणि मी उदाहरण दिलं. उद्यमनगरातले चमन शिकलगार, माझा एकोणीस वर्षांचा विश्वास, एकच बिघाड तीनदा. गाडीच्या काचेवरचं पाणी पुसायच्या यंत्रातही जो माणूस खोट ठेवतो तो कुणाचा तरी जीव घेईल, असं म्हटलं. टाळ्या पडल्या. पुरेसं नाव, पुरेसा पत्ता. माझ्या तत्त्वाप्रमाणे.

येताना डावीकडून एक मोटारसायकल आदळता आदळता राहिली. लोक दिवे न लावता येतात.

घरी येऊन संयोगिताला काय बोललो ते सांगितलं. ती कणीक मळत होती. हात थांबले. 'नाव घेतलंत?' म्हटलं, अर्थात. हात न धुताच ती उठून आत गेली.

२३ जुलै

भाषणातला तो तुकडा कुणीतरी कापून फिरवला आहे. चव्वेचाळीस सेकंद. खाली ओळ टाकली आहे, 'सर खरं बोलले, यांच्याकडं गाड्या देऊ नका.' यांच्याकडं म्हणजे कुणाकडं? मी एका माणसाविषयी बोललो, मुसलमानांविषयी नाही. खालचे शेरे वाचवत नाहीत. माझ्या तोंडात कधी आली नसती अशी भाषा, आणि प्रत्येकाला माझ्या आवाजाचा आधार.

ज्या द्वेषाविरुद्ध हयातभर घसा फोडला त्याच्या मिरवणुकीत आज माझाच भोंगा. खुलासा लिहून चार ग्रुपवर पाठवला. 'टीका व्यक्तीवर होती, समाजावर नव्हे.' दोन अंगठे आले. एकानं लिहिलं, सर घाबरले.

पण आरोप तर खरा आहे ना? तो खरा असला की बाकीचं निस्तरता येईल. मला पुरावा हवा.

२७ जुलै

जे घडलं ते क्रमानं लिहितो. पुढं मलाच ते वेगळं आठवायला लागेल.

सकाळी गाडीत बसलो, वायपर बंद. जयसिंगपूरहून आल्यापासून गाडी फाटकातच उभी. चमन जवळपासही फिरकलेला नाही. कपाटातून गाडीचं माहितीपुस्तक काढलं. हल्ली अक्षरं मुंगीएवढी छापतात, भिंग घ्यावं लागलं. आकृतीत वायपरची जागा सापडली. झाकण उघडलं. ती खाच रिकामी. ढिला होऊन पडला असेल तर पायाशी सापडायला हवा. पायपुसणी उचलली, टॉर्च मारला, सीटखाली हात घातला. नाही. म्हणजे पडलेला नाही. कुणीतरी काढलेला आहे. चमननं काढायचा तर त्याला इथं यायला हवं.

तेवढ्यात संयोगिता पायरी उतरून आली. माझ्यापुढं तिनं मूठ उघडली. तळहातावर तीन फ्यूज.

'शोधू नका,' म्हणाली. 'मी काढले.'

मी काय बोललो ते आठवत नाही. ती काय बोलली ते आठवतं. 'कोडोलीची ती बाई आडवी आली नव्हती. रस्त्याच्या कडेनं, खालच्या मातीतनं चालली होती. तुम्ही तिच्या अंगावर गाडी घातलीत. आणि वर तिच्याकडनंच चुकलं म्हणवून घेतलंत.'

मी म्हटलं, डावी काच धुरकट होती.

'काच स्वच्छ होती. डाव्या बाजूला मीच बसले होते. मला ती लांबनं दिसत होती.'

मला का सांगितलं नाहीस, असं विचारलं. ती म्हणाली, 'जूनपासनं तीनदा सांगितलं. तीनदा तुम्ही भाषण केलंत.' मग जरा थांबून म्हणाली की पाऊस असला की तुम्ही वायपरशिवाय निघत नाही, एवढी एकच वाट मला दिसली.

चमनला हे माहीत होतं. त्या अठरा तारखेला तो हेच विचारायला आला होता. हिनं कबूल केलं, आणि तुम्ही गप्प राहा म्हणून त्याला शब्दात अडकवलं. तो म्हणाला होता, राहू दे माझ्या नावावर, वहिनी, सरांचा जीव म्हत्त्वाचा. जयसिंगपूरनंतर ती त्याच्या गॅरेजवर जाऊन आली. शटर अर्धं खाली होतं.

'तेवढं माझं चुकलं,' म्हणाली. 'बाकीचं नाही.'

२८ जुलै

एक डोळा झाकून भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. मग दुसरा. डावा उघडा असताना आठ, नऊ, दहा हे आकडे कुठंतरी गेले होते. घड्याळाच्या काचेवर धूळ असेल म्हणून स्टुलावर चढून पुसली. परत बघितलं.

२९ जुलै

रिक्षानं उद्यमनगरात गेलो. एरवी दारात गाड्यांची रांग असते, आज एकच, तीही चाकं काढलेली. चमनभाई पान्यानं काहीतरी आवळत होते. मी जवळ जाऊन सांगितलं की मला सगळं कळलं, माझी चूक झाली, मला माफ करा. सहासष्ट वर्षांत हे वाक्य फार वेळा बोललेलो नाही, त्यामुळं नीट जमलं नसेल.

त्यांनी काम थांबवलं नाही. म्हणाले, 'सर, माझं नाव तुमी माईकवर घेतलासा. आन् माफी हितं येऊन कानात मागतासा व्हय?'

ते पुढं म्हणाले, त्यांच्या पोरीच्या वर्गातसुद्धा ती क्लिप फिरली, तिनं दोन दिवस शाळेचं नाव काढलं नाही. रागानं नाही, हवामान सांगावं तसं सांगितलं. आणि पाना खाली ठेवला. 'जिथनं घेतलासा, तिथनं परत द्या.'

३१ जुलै

डोळ्यांचा दवाखाना. एका यंत्रात तोंड खुपसून बसवलं. दिवा चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच चमकेना, म्हणून मी म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. ती मुलगी म्हणाली, 'नाही आजोबा, दिवे लागतायत.'

काचबिंदू. डाव्या बाजूची गेलेली नजर परत येत नाही. उरलेली रोज थेंब घालून राखायची. गाडी बंद, आजपासून. डॉक्टरांशी त्या धंद्याविषयी वाद घालायचा मी ठरवून गेलो होतो. ते वयानं माझ्या विद्यार्थ्यांहून लहान. वर्षभर आधी आला असता तर बरंच वाचलं असतं, एवढंच म्हणाले. वाद झाला नाही.

२ ऑगस्ट

नेसरीला नाही म्हणून कळवायचं ठरवलं होतं. गाडी नाही तर मी नाही, हा माझाच नियम. मग चमनभाईंचं वाक्य आठवलं. माईक आता नेसरीलाच आहे, दुसरीकडं कुठं नाही. वाचनालयाचे अध्यक्ष गुंडू देसाई यांना फोन लावला आणि म्हटलं, गाडी पाठवा. पलीकडून आलं, 'सर, तुमीच बोलतासा न्हवं?'

१० ऑगस्ट

गुंडू देसाई स्वतः न्यायला आले. निपाणीच्या पुढं पाऊस. मी त्यांच्या डाव्या हाताला बसलो होतो. त्यांनी माझ्यासाठी दोनदा गाडी थांबवली, चहा दिला, उशी दिली. मला वाटत होतं तसा हा माणूस वाईट नाही, आणि तीच तर मला भीती होती.

व्यासपीठावर विषयाआधी चमन शिकलगारांचं सांगितलं. दहा मिनिटं. त्यांनी काहीही केलेलं नव्हतं, माझे डोळे गेले होते, पुरावा नसताना मी एका कष्टकऱ्याचं नाव चारचौघांत घाण केलं, आणि नंतर ती घाण कुणाकुणाला उपयोगी पडली, हे जसंच्या तसं. टाळ्या पडल्या नाहीत. बरं झालं.

मग भाषण, आणि भाषणाच्या शेवटी पुस्तकांच्या खोलीचा मुद्दा. वाक्य तयार होतं. समोरच देसाई. मी वाक्य बोललो, पण आवाज उतरला होता आणि 'अध्यक्ष गुंडू देसाई' ऐवजी 'कमिटी' असं बाहेर पडलं. नाव नाही. दोन चहा आणि एक उशी, एवढ्यात एकतीस वर्षं गेली. की जयसिंगपूरनंतर मलाच नाव घ्यायची भीती बसली आहे? दोन्हीतलं कुठलं, ते मला सांगता येत नाही.

परतीच्या वाटेवर संकेश्वरजवळ देसाई म्हणाले, 'सर, कमिटी म्हंजे मीच की. घ्यायचं हुतं नाव.' चिडून नाही. जरा हिरमुसल्यासारखे.

१९ ऑगस्ट

नेसरीचं भाषण तिघांनी मोबाइलवर घेतलं होतं. आज नऊ दिवस झाले. कुणी कापलं नाही, कुणी पाठवलं नाही. मी स्वतः त्या चार ग्रुपवर टाकलं. पंचवीस मिनिटांचं भाषण कोण बघतो? चव्वेचाळीस सेकंद मात्र काल पुन्हा नव्या ग्रुपवर आले.

म्हणून गेले पाच दिवस सकाळी दहाला रिक्षानं उद्यमनगरात जातो. चमनभाईंच्या दाराशी दोन टायरांवर फळी टाकलेली आहे, तिथं रस्त्याकडं तोंड करून बसतो. साडेबाराला घरी. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, काय काम काढलंसा? म्हटलं, काम नाही, फक्त लोकांना दिसावं म्हणून बसतो. थोडा विचार करून म्हणाले, बसा, पर भाषण करू नका. करत नाही. संयोगिता डब्यात दोन माणसांचे पोहे देते.

आज अकराच्या सुमाराला एक पांढरी गाडी दाराशी हळू झाली. चालवणारा माझ्याच कॉलेजचा जुना विद्यार्थी. काच खाली करून म्हणाला, 'सर, तुम्ही इथं? तुम्हीच म्हणाला होता ना, यांच्याकडं...' आणि गॅरेजच्या आत बघून अर्ध्यावर थांबला.

माझ्याकडं तासाभराचं उत्तर होतं. 'मीच म्हणालो होतो,' म्हटलं. 'खोटं होतं ते. माझ्या गाड्या एकोणीस वर्षं हेच बघतात.'

तो आणखी काही ऐकायला थांबला. मी काही बोललो नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, चमनभाईंकडं बघितलं, जरा हसला, बरं सर म्हणाला आणि काच वर केली. गाडी पुढं गेली आणि चार दुकानं सोडून दुसऱ्या गॅरेजपाशी थांबली. तेवढं मला दिसलं. ते उजव्या बाजूला आहे.

चमनभाईंनीही बघितलं होतं. पुन्हा बॉनेटखाली वाकले. बऱ्याच वेळानं आतूनच विचारलं, 'उद्या येतासा?'

म्हटलं, येतो.